जुलैत टिकेल तेच खरं

पावसाळ्यात कोल्हापूरची वर्तमानपत्रं उघडली की आतल्या पानावर एक छोटा चौकोन हमखास सापडतो. गेल्या चोवीस तासांतला तालुकावार पाऊस. शिरोळ, हातकणंगले, कागल यांच्यापुढे पाच-दहा मिलिमीटर. चंदगड, राधानगरी, शाहूवाडीकडे आकडा फुगत जातो. आणि गगनबावड्यापुढे शंभर-दीडशे असले तरी कुणाची भुवई हलत नाही. ‘जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस गगनबावड्यात’ ही ओळ इतकी ठरलेली आहे की ती दरवर्षी नव्याने जुळवायचीही गरज पडत नसावी.

कोल्हापुरातला माणूस हा आकडा वाचतो तो पंचगंगेसाठी. बावड्यात धो-धो कोसळलं की राजाराम बंधाऱ्याची पातळी किती चढेल, ३९ फुटांची इशारा पातळी कधी गाठली जाईल, ४३ फुटांची धोका पातळी ओलांडणार का, याचा तो अंदाज बांधतो. २०१९ च्या महापुरात ती पातळी ५५ फूट ७ इंचांवर गेली, २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंचांवर. दोन्ही वेळा शहराने घाटमाथ्याकडे डोळे लावले होते. त्यात काही गैर नाही. मात्र त्याच पावसात बावड्याचा रस्ता राहिला का, लाईट किती दिवस गेली, मुक्कामाची गाडी आली का, हे त्या चौकोनात मावत नाही.

आम्हा बावडेकरांचं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं. इथली प्रत्येक योजना आठ महिन्यांच्या कोरड्या हवामानात आखली जाते, कोरड्यातच तिचा नारळ फुटतो, आणि तिचं मोजमापही कोरड्यातच होतं. आमचं वर्ष मात्र पावसाने ठरतं. कोल्हापूर शहरात वर्षाला हजारभर मिलिमीटर पडतो, इथे पाच-सहा हजार. जे जुलैत चालतं तेच इथे चालतं म्हणायचं. बाकी सगळं कागदावर.

रस्ता आहे, पण कधी?

कोल्हापूर ते गगनबावडा अंतर ५५ किलोमीटरच्या आसपास. रंकाळा स्थानकातून निघालेली गाडी बालिंगा, कळे, साळवण, असळज करत वर येते. हाच रस्ता पुढे घाट उतरून वैभववाडी, तळेऱ्याला मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. राष्ट्रीय महामार्ग १६६ जी असं त्याचं आजचं नाव. कोकणातली मासळी याच वाटेने वर येते, कोल्हापूरचा गूळ आणि भाजीपाला याच वाटेने खाली जातो. वैभववाडीकडचा ऊस घाट चढून वेसरफच्या साखर कारखान्यावर येतो तोही इथूनच.

या रस्त्याची दुखरी जागा तालुक्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. कुंभीचं पाणी पात्राबाहेर आलं की मांडुकलीजवळ रस्ता पाण्याखाली जातो. लोंघे, किरवे भागातही तेच. खाली बालिंग्याच्या जुन्या पुलावरची वाहतूक मोठ्या पुरात थांबवावी लागते. वर घाटात दरड आली असेल तर कोकणाकडची बाजूही बंद. म्हणजे ज्या दिवशी माणसाला बाहेर पडण्याची सगळ्यांत जास्त गरज, नेमक्या त्याच दिवशी तालुका दोन्ही बाजूंनी कोंडला जातो.

‘रस्ता उचला’ ही मागणी त्यामुळे जुनी आहे, आणि बरोबरही आहे. फक्त तो कसा उचलायचा यावर आपण पुरेसं बोलत नाही. नुसता मातीचा भराव टाकून रस्ता सात-आठ फूट वर घेतला तर तो नदीला आडवा बांध होतो. पाणी रस्त्यावरून जायचं थांबतं आणि वरच्या अंगाच्या शेतात, घरांत तुंबतं. पुणे-बंगळूर महामार्गाच्या शिरोलीजवळच्या भरावावरून प्रत्येक महापुरानंतर कोल्हापुरात वाद होतो, तो याच कारणाने. तेव्हा मांडुकलीला हवा आहे तो खांबांवरचा रस्ता, निदान पूर वाहून जाईल इतक्या रुंद आणि पुरेशा मोऱ्या. पुराच्या रेषा कुठवर येतात हे शेतकऱ्याला बांधावर उभं राहून दाखवता येतं. नकाशा काढण्यापूर्वी त्याला एकदा विचारलं, तर बराच खर्च वाचेल.

घाटांची गोष्ट वेगळी. गगनबावड्यातून दोन घाट कोकणात उतरतात, करूळ आणि भुईबावडा. रुंदीकरणासाठी करूळ घाट जानेवारी २०२४ मध्ये बंद झाला आणि वर्षाहून अधिक काळ पूर्ववत वाहतूक नव्हती. हलकी वाहनं भुईबावड्याने, जड वाहनं फोंडा किंवा अणुस्कुऱ्याने. रस्ता रुंद व्हायला हवा होता, याबद्दल कुणाचं दुमत नाही. पण त्या काळात घाटाच्या तोंडावरच्या चहाच्या टपऱ्या, पंक्चरची दुकानं, खानावळी यांचं काय झालं हे कुणी मोजलं नाही. वैभववाडीला कोकण रेल्वे पकडायला जाणारे, खालच्या गावातून वर दवाखान्यात येणारे, घाटापलीकडे लेक दिलेली माणसं, यांचा विचार बंदीच्या आदेशात एका ओळीनेही नसतो. आदेशात पर्यायी मार्ग लिहिलेला असतो. पर्यायी एसटी लिहिलेली नसते.

घाट बंद ठेवायची वेळ पुन्हा येणारच. उतार ठिसूळ, पाऊस प्रचंड, आणि कडा कापला की वरचा डोंगर सैल होतो. भुईबावडा घाटात रस्त्याला भेगा पडल्याचंही आपण पाहिलं आहे. म्हणून घाट बंद करताना तीन गोष्टी आदेशातच असाव्यात: किती काळ, तोवर रुग्णवाहिका कुठून जाणार, आणि दोन्ही टोकांना एसटीच्या जोडफेऱ्या कोणत्या. एवढं लिहायला निधी लागत नाही.

आता रेल्वेचं. २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात कोल्हापूर-वैभववाडी मार्गाला मंजुरी मिळाली, १०७ किलोमीटर. ती बातमी आली तेव्हा जन्मलेलं पोर आता चौथी-पाचवीत आहे. गाडी जेव्हा येईल तेव्हा येवो; तोवर मांडुकलीचा रस्ता झाला तरी पुष्कळ.

शंभरात एक

२०११ च्या जनगणनेत गगनबावडा तालुक्याची लोकसंख्या ३५,७७२ होती, कोल्हापूर जिल्ह्याची ३८ लाख ७६ हजार. जिल्ह्यातल्या शंभर माणसांत आमचा एकही पुरता बसत नाही. विधानसभेला आम्ही करवीर मतदारसंघात आहोत आणि त्यात शहरालगतची मोठी गावं आहेत. मताच्या हिशेबात आमचं वजन किती, हे सांगायला ज्योतिषी नको.

पण मतांपेक्षा जास्त नडतात ते निकष. डोंगरी भागात २० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ३ हजारांना एक उपकेंद्र, ८० हजारांना एक ग्रामीण रुग्णालय असा सरकारी हिशेब आहे. त्या हिशेबाने आमच्या वाट्याला पुरती दोन आरोग्य केंद्रंही येत नाहीत आणि रुग्णालय तर अर्धंच येतं. तालुक्याचं ठिकाण म्हणून ग्रामीण रुग्णालय मिळालं, ते आहे. मात्र थोडं काही अवघड झालं की चिठ्ठी कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयाची. कोरड्यात हा प्रवास दीड-दोन तासांचा. मांडुकलीला पाणी आलं की त्याला तास नसतात.

आता हे जुलैत ठेवून बघा. जुलै म्हणजे रोपलावणीचा महिना. तरवा काढायचा, चिखल करायचा, दिवसभर वाकून भात लावायचं, पाय गुडघाभर चिखलात. साप चावण्याचा काळ हाच. आणि रस्ता बंद होण्याचा काळही हाच. म्हणून सर्पदंशावरची लस आणि ती देता येईल असा डॉक्टर या दोन गोष्टी जून ते सप्टेंबर तालुक्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात रात्रीसुद्धा असल्या पाहिजेत. लोकसंख्येचं सूत्र काहीही म्हणो, पुराच्या रात्री ते केंद्र हेच आमचं सीपीआर असतं.

बाळंतपणाचंही तसंच. पूर येणार असं दिसलं की दिवस भरत आलेल्या बायकांना आधीच सुरक्षित ठिकाणी हलवायचं काम प्रशासन कोल्हापुरात करतं, आणि चांगलं करतं. गडचिरोलीसारख्या भागात ‘माहेरघर’ नावाची सोय आहे. गरोदर बाई आधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहते, तिच्यासोबत घरचं माणूसही. घाटमाथ्यावर ती सोय दर पावसाळ्यात चार महिन्यांसाठी करायला काय हरकत आहे? धनगरवाड्यावरची बाई डोलीत घालून खाली आणायची वेळ आली की बातमी होते. ती वेळ येणार हे सगळ्यांना मे महिन्यातच माहीत असतं.

शाळांकडे याच नजरेने बघायला हवं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. इथल्या वाड्यांत पटसंख्या कमी, कारण वस्तीच विखुरलेली. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले तेव्हा डोंगरी तालुक्यांत धसका बसला तो उगीच नाही. नकाशावर दोन शाळांमधलं अंतर एक किलोमीटर दिसतं. मधला ओढा जूनपासून सप्टेंबरपर्यंत पोराला ओलांडता येत नाही. शाळा जोडायच्याच असतील तर आधी साकव बांधा, मग बोला.

सुट्ट्यांचाही विचार व्हावा. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या अतिपावसाच्या भागातल्या काही शाळांना उन्हाळ्याऐवजी पावसाळ्यात सुट्टी देण्याची पद्धत राहिली आहे. घाटमाथ्यावर उन्हाळा तसा सुसह्य. मे महिन्यात शाळा भरवून जुलैचे तीन-चार आठवडे सुट्टी दिली, तर पोरं भिजत वर्गात बसणार नाहीत आणि गळक्या छपराखाली शिक्षकांची तारांबळही होणार नाही. निर्णय शाळा व्यवस्थापन समित्यांना विचारून घ्यावा, एवढीच अट.

एसटीचं आगार गगनबावड्यात आहे, ही या तालुक्याची मोठी जमेची बाजू. कॉलेजला जाणाऱ्या मुली, औषधाला निघालेले म्हातारे, दुधाचे कॅन, सगळ्यांचा भार एसटीवर. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि बाजाराच्या दिवशी गाड्या फुलल्या. अर्ध्या तिकिटाचा उपयोग गाडी आली तरच. वाडीची शेवटची फेरी रद्द झाली की उरतं ते वडाप, आणि अंधारात वडापने पोरीला सोडायला आईबाप धजत नाहीत. पुढे तिचं कॉलेज सुटतं. एसटीच्या तोट्याच्या हिशेबात हे कुठे धरलं जात नाही.

पावसाच्या गावी टंचाई

परक्या माणसाला पटत नाही, पण ज्या तालुक्यात जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस पडतो तिथल्या वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत हंडे घेऊन झऱ्याला रांग लागते. कारण साधं आहे. डोंगर उभा, वर जांभ्याचा सडा. काही पाणी भराभर वाहून जातं, जांभ्यात मुरलेलं पाणी कड्याच्या पोटातून झऱ्याने निसटतं. पाणलोटाच्या पूर्वेचं पाणी कुंभीतून पंचगंगा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला. पश्चिमेचं शुक नदीतून विजयदुर्गच्या खाडीला. आमच्याकडे थांबतं फार थोडं.

या भागाचा इतिहास इथे आठवल्याशिवाय राहत नाही. बावडा ही पंत अमात्यांची जहागीर. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ले बांधण्याविषयी जे प्रकरण आहे, त्यात पाण्याची खात्री झाल्याशिवाय किल्ल्याला हात घालू नये, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, झऱ्यावर भिस्त ठेवू नये, असा रोखठोक उपदेश आहे. तीनशे वर्षांपूर्वी जे किल्ल्याला लागू होतं ते आज धनगरवाड्याला लागू आहे. जलजीवन मिशनने २०१९ पासून माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी नळाने द्यायचं ठरवलं. नळ बसवणं सोपं. मे महिन्यात त्या नळाच्या दुसऱ्या टोकाला पाणी असणं अवघड. उंचावरच्या वाडीला खालून पंपाने पाणी चढवायचं तर विजेचं बिल ग्रामपंचायतीला झेपत नाही. त्यापेक्षा झऱ्यांची राखण, वाडीच्या वरच्या अंगाला टाकी आणि उताराने येणारं पाणी हा मार्ग इथे स्वस्त पडतो. मोटर नाही, म्हणून मोटर जळत नाही.

लखमापूरला कुंभीवर धरण झालं, त्याचं पाणी खालच्या ऊसपट्ट्याला गेलं. धामणी खोऱ्याने तर धीराची कसोटी पाहिली. राईच्या धरणाचं काम २००० साली सुरू झालं आणि दोन दशकांहून जास्त रेंगाळलं. तोवर त्या खोऱ्यातले शेतकरी दरवर्षी वर्गणी काढून नदीत मातीचे बंधारे घालत, पावसाळ्यात ते वाहून जात, पुन्हा घालत. ज्या माणसांनी स्वतःच्या पैशांनी इतकी वर्षं पाणी अडवलं, त्यांना पाणीवाटपाच्या बैठकीत पहिल्या रांगेत बसवलं पाहिजे.

पुराच्या पैशाबाबतही एक सांगायचं आहे. २०१९ च्या महापुरानंतर वडनेरे समिती बसली, अहवाल आला. आता जागतिक बँकेच्या मदतीने कोल्हापूर-सांगलीच्या पूरनियंत्रणाची योजना आहे. ते व्हायलाच हवं. पण पूर जिथून निघतो त्या उतारांवर माती आणि झाड धरून ठेवणं हेही पूरनियंत्रणच आहे. त्या कामाचा वाटा घाटमाथ्यावरच्या गावांना मजुरीच्या रूपाने मिळाला, तर खालचं शहरही वाचेल आणि वरचं पोर मुंबईला जायचं थांबेल.

जंगलाची राखण, कुणाच्या खर्चाने?

२०२० च्या सुमारास राज्याने सह्याद्रीत एका मागोमाग एक संवर्धन राखीव क्षेत्रं केली. विशाळगड, पन्हाळगड, आजरा-भुदरगड, चंदगड, आंबोली-दोडामार्ग, आणि त्यात गगनबावडा, १०४ चौरस किलोमीटर. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पापासून गोवा-कर्नाटकाकडच्या जंगलांपर्यंत वाघाची वाट सलग राहावी, हा त्यामागचा विचार. त्यावर पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा मसुदा; गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन यांचा २०१३ चा, आणि मसुद्याची सहावी आवृत्ती ३१ जुलै २०२४ ची, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर.

गावात याला सरसकट ‘इको झोन’ म्हणतात आणि त्याचं नाव निघालं की आवाज चढतो. घर दुरुस्त करता येणार नाही, भात लावता येणार नाही, अशा अफवा फिरतात. मसुद्यात बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, औष्णिक वीज प्रकल्प, अतिप्रदूषक कारखाने आणि मोठाल्या वसाहतींवर. शेतीवर नाही, घराच्या डागडुजीवर नाही. शाहूवाडी-राधानगरीचे सडे बॉक्साइटसाठी कसे खरवडले गेले हे पाहिलेल्या माणसाला ही बंदी आपल्याच फायद्याची वाटायला हवी. हे मराठीत, ग्रामसभेत, नकाशा भिंतीवर लावून कुणीतरी समजावून सांगितलं असतं तर निम्मा विरोध मावळला असता.

उरलेल्या निम्म्या विरोधाला मात्र कारण आहे. गव्यांचा कळप एका रात्रीत उभं भात तुडवून जातो. वानरं आणि रानडुकरं नाचणी ठेवत नाहीत. माळावर खोपी घालून राखण करायला घरात तरणा माणूस उरलेला नाही, म्हणून बरड पडीक पडलं. नुकसानभरपाईसाठी पंचनामा, त्यासाठी हेलपाटे, आणि हाती येणारी रक्कम पाहिली की पुढच्या वर्षी अर्ज करायचाही कंटाळा येतो. जंगलाचा फायदा कोल्हापूरच्या पाण्याला, देशाच्या वाघाला. राखणीची रात्र तेवढी आमची. हा हिशेब बरोबरीचा नाही.

रविवारचे पाहुणे

पावसाळ्यातल्या रविवारी गगनबावड्याला गाड्यांची रांग लागते. गगनगडावर गगनगिरी महाराजांचा मठ आहे, तिथेच गैबी पिराचं ठिकाण. दोन्हीकडे माथा टेकणारे एकच लोक. पळसंब्याला ओढ्यातल्या अखंड शिळांत कोरलेलं रामलिंग, बोरबेटच्या वर मोरजाईचं पठार, लखमापूरचं पाणी, करूळ घाटातले धबधबे. बघण्यासारखं इतकं काही फार थोड्या तालुक्यांच्या वाट्याला येतं.

पण पाहुणा येतो, धबधब्याखाली भिजतो, बाटली फोडतो, दुपारी उलटा फिरतो. गावाच्या हाती काचा आणि प्लास्टिक. बाईमाणसाला जायला धड स्वच्छतागृह नाही, गाडी लावायला जागा नाही, मग घाटाच्या वळणावरच गाड्या उभ्या. यात्रेकरूंकडून कर घेण्याची तरतूद ग्रामपंचायत कायद्यात आहे. वाहनतळाची पावती, तिच्या पैशातून स्वच्छतागृह आणि कचरा उचलणारी दोन माणसं, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. मोरजाईच्या पठारावर गाड्या नेऊ नयेत. सड्यावरची माती बोटभर, आणि तिच्यावर फुलणारी फुलं चाकाखाली एकदा गेली की गेलीच. बाहेरच्या मोठ्या रिसॉर्टपेक्षा गावातल्या घरात उतरणारा पाहुणा आम्हाला परवडतो. त्याला भाकरी लागते, नाचणीची आंबील लागते, वाट दाखवणारा पोरगा लागतो. पैसा गावात राहतो.

काय करता येईल

मोठं काही मागायचं नाही. दर मे महिन्यात तहसील कार्यालयात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. तिथे विभागवार माहिती वाचली जाते आणि चहा होतो. त्या बैठकीआधी प्रत्येक गावात ग्रामसभा व्हावी आणि तिच्यासमोर मोजके प्रश्न ठेवावेत. मांडुकलीला पाणी आलं तर वरच्या बाजूला एक रुग्णवाहिका आणि खालच्या बाजूला एक, अशा दोन उभ्या आहेत का? आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस किती? गरोदर बायकांची यादी तारखांसह तयार आहे का? कोणत्या ओढ्यावर साकव नाही? वीजवाहिनीवर आलेल्या फांद्या तोडल्या का, आणि लाईट गेल्यावर मोबाइलचा टॉवर किती तास चालतो? रेशन दुर्गम वाड्यांवर जूनपूर्वी पोहोचलं का? उत्तरं फलकावर लिहावीत, खाली अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा असावा. ऑगस्टमध्ये पुन्हा ग्रामसभा घेऊन त्याच फलकासमोर बसावं.

निकषांसाठी मात्र वर भांडावं लागेल. लोकसंख्येबरोबर पाऊस, चढ आणि रस्ता बंद राहण्याचे दिवस धरून डॉक्टर, शिक्षक आणि एसटीच्या फेऱ्या ठरवा, ही मागणी एकट्या गगनबावड्याची नाही. शाहूवाडी, राधानगरी, चंदगड, आजरा, पलीकडे पाटण, जावळी, महाबळेश्वर यांचीही तीच आहे. पस्तीस हजारांचा आवाज मुंबईला ऐकू जात नाही. घाटमाथ्यावरच्या सगळ्या तालुक्यांनी एकत्र घातलेली हाक ऐकावी लागेल.

आणि पुढाऱ्यांना एक विनंती. आमच्याकडच्या कामांचं उद्घाटन डिसेंबर-जानेवारीत, कोवळ्या उन्हात मांडव घालून करू नका. तारीख जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली धरा. त्या दिवशी तुम्ही कोल्हापुरातून निघून वेळेवर बावड्यात पोहोचलात, सभेत लाईट राहिली आणि संध्याकाळी परत घरी गेलात, तर काम झालं असं आम्ही समजू आणि हार घालायला आनंदाने भिजत उभे राहू.